आरओच्या एएमसीसाठी मागे लागलेत? पैसे देण्याआधी या क्रमाने तपासा

आमच्या घरची, सासूबाईंच्या नाशिकच्या घरची आणि सोसायटीतल्या बऱ्याच शेजाऱ्यांची वॉटर प्युरिफायरची (आरओ मशीनची) एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, रिन्यू करायचं काम माझ्याकडेच येतं. कंपन्या वेगळ्या, मशीन वेगळी, पण दबाव टाकायची पद्धत जवळपास तीच. म्हणून आता मी एका ठरलेल्या क्रमाने जाते. आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी, मग थोड्या खर्चाच्या, शेवटी तक्रार. तोच क्रम इथे लिहिते आहे.

लक्षणं

करार संपायला महिना-दीड महिना असतानाच वेगवेगळ्या नंबरांवरून फोन सुरू होतात. प्रत्येक जण "कंपनीतूनच बोलतोय" म्हणतो आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो.

"मॅडम, ऑफर आजच्यापुरतीच आहे, संध्याकाळी सहाला सिस्टीममधून जाईल." दुसऱ्या दिवशी तीच ऑफर परत येते.

"फ्री चेकअप"साठी आलेला मुलगा मशीन खोलतो, फिल्टर ओट्यावर काढून ठेवतो आणि मग किंमत सांगतो. मशीन उघडं, घरात पाणी नाही, आणि निर्णय मात्र आत्ताच्या आत्ता द्यायचा.

दरवेळी मेम्ब्रेनच (आरओमधली क्षार अडवणारी गाळणी) गेलेली असते. मागच्या वर्षी बदलली असली तरी.

लेखी कोटेशन मागितलं की व्हॉट्सॲपवर रंगीत जाहिरात येते. त्यात तुमचं नाव नसतं, मॉडेल नसतं, काय मिळणार आणि काय नाही याची यादीही नसते.

घरात आजी-आजोबा एकटे असताना दुपारी कोणीतरी येतं, तीन वर्षांचा करार होऊन जातो आणि घरातल्या बाकीच्यांना संध्याकाळी कळतं.

यातली दोन-तीन लक्षणं जुळत असतील तर पुढे वाचा. मूळ कारण एकच असतं. समोरच्याकडे तुमच्या मशीनची माहिती असते, तुमच्याकडे नसते, आणि ती मिळवायला तो तुम्हाला वेळ देत नाही. म्हणून आधी वेळ आपल्या हातात घ्यायचा, मग माहिती गोळा करायची आणि किमतीचं बोलणं अगदी शेवटी.

१. फोनवर आणि दारात काहीही ठरवायचं नाही

खर्च शून्य. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात.

माझं ठरलेलं वाक्य असं: "दादा, आमच्याकडे असे निर्णय दोघं मिळून घेतो. तुम्ही लेखी पाठवा, मी रविवारी बघून कळवते." नवरा घरात असला तरी हेच वाक्य. "विचार करते" म्हणू नका, कारण त्यावर पुढचा प्रश्न लगेच येतो, "कशाचा विचार, मॅडम? बजेटचा का?" आणि आपण उत्तरं देत बसतो. दिवस सांगितला की बोलणं संपतं.

एएमसी संपली म्हणून मशीन बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशीही ते तसंच पाणी देतं. दबाव सगळा या भीतीवर उभा असतो की आज पैसे दिले नाहीत तर उद्या घरात प्यायला पाणी नसेल. एक गोष्ट मात्र विचारून ठेवा: करार खंडित झाला तर परत घेताना तपासणीचे पैसे लागतात का? काही कंपन्या घेतात. तो आकडा कळला की उशिराची खरी किंमत कळते, आणि ती बहुतेक वेळा "आजच्या सुटी"पेक्षा कमी निघते.

दारात आलेल्या माणसाला ओळखपत्र आणि तक्रार क्रमांक विचारा. आपण तक्रारच नोंदवली नसेल तर तो कोणी बोलावल्याशिवाय आलाय. त्याला मशीनला हात लावू देऊ नका. मशीन एकदा उघडलं की भिडेखातर माणसं पैसे देतात, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. तो मुलगा टार्गेटच्या ताणाखाली असतो, त्याच्याशी भांडायचं कारण नाही. "आत्ता नको, थँक्यू" एवढं पुरतं.

२. फोन करणारा खरंच कंपनीचा आहे का

जुनी पावती, मशीनच्या बाजूला चिकटवलेला स्टिकर किंवा माहितीपुस्तिका काढा. तिथे छापलेल्या नंबरावर स्वतः फोन करा. गुगलवर "कस्टमर केअर" शोधून पहिला दिसेल तो नंबर लावू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात.

त्या नंबरावर तीनच गोष्टी विचारा. माझ्या नावावरचा करार कोणत्या तारखेला संपतो? त्यात आत्तापर्यंत किती सर्व्हिस झाल्याची नोंद आहे? कोणते भाग बदलल्याची नोंद आहे?

ही तपासणी महत्त्वाची का, ते सांगते. पुष्कळदा करार अजून दोन-तीन महिने बाकी असतो आणि ठरलेली एक सर्व्हिस झालेलीच नसते. ती आधी करून घ्यायची. शिवाय आपला नंबर जुन्या डीलरकडे, नोकरी सोडून गेलेल्या टेक्निशियनकडे, आणखी कुठेकुठे गेलेला असतो. "कंपनीतून" येणाऱ्या फोनांतले बरेच तिथूनच येतात. अशा करारावर कंपनीकडे तक्रार करायला गेलात तर कंपनी म्हणते, आमच्याकडे नोंदच नाही.

३. मशीनला खरंच काय झालंय

"पाणी कमी येतंय ना? मेम्ब्रेन चोक झालीये." असं म्हटलं की आपण मान डोलावतो, कारण पाणी खरंच कमी येत असतं. पण कमी पाण्याची स्वस्त कारणं आधी बघायची असतात.

मशीनकडे जाणारा कॉक पूर्ण उघडा आहे का बघा. भांडी घासायला येणाऱ्या ताईंचा हात लागून तो अर्धा फिरलेला मी किती तरी घरांत पाहिला आहे. गच्चीवरच्या टाकीत पाणी कमी असेल तर दाब कमी मिळतो, वरच्या मजल्यावर तर हमखास.

मग मशीनच्या बाहेर लावलेला प्री-फिल्टरचा बाउल बघा. त्यात पांढऱ्या दोऱ्याची वाटावी अशी कँडल असते. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर ती काही महिन्यांत चहाच्या रंगाची होते. बाहेर ती शे-दोनशे रुपयांत मिळते. कॉक बंद करायचा, मशीनचा प्लग काढायचा, खाली बादली धरायची आणि पान्याने बाउल फिरवून कँडल बदलायची. बाउलच्या कडेची रबरी रिंग नीट बसवायची, नाहीतर ठिबकतं. एवढ्याने पाणी पूर्ववत झालं तर मेम्ब्रेनची चर्चा तिथेच संपली.

तरीही शंका असेल तर मोजा. मशीनच्या लेबलवर ताशी किती लिटर ते लिहिलेलं असतं. ताशी १२ लिटर म्हणजे मिनिटाला २०० मिली. टाकीत पडणाऱ्या नळीचं पाणी मापाच्या भांड्यात एक मिनिट धरा. दीडशे-पावणेदोनशे मिली भरलं तर घाबरायचं काही नाही. पन्नास भरलं तर मात्र कुठेतरी अडलंय.

"फिल्टर बदला" असा दिवा लागलेला दाखवतात. पुष्कळ मॉडेलांत तो दिवा फक्त दिवस किंवा लिटर मोजतो, आत फिल्टरची अवस्था काय आहे ते त्याला कळत नाही. दिवा लागला म्हणजे तपासायची वेळ आली, आज पैसे द्यायची वेळ आली असं नाही.

४. टीडीएस स्वतः मोजा

टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. सोसायटीत चार घरांत मिळून एक घेतला तरी चालतो. या एका वस्तूने बोलण्याचा सूर जितका बदलतो तितका कशानेच बदलत नाही.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, ५०० पर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालेल, असं दिलं आहे. आरओची मेम्ब्रेन ठीक असेल तर ती यातले ९० टक्क्यांच्या आसपास क्षार अडवते. नळाला ६०० असेल आणि आरओनंतर ६० आला तर मेम्ब्रेन उत्तम आहे, मग समोरचा काहीही सांगो.

मोजताना तीन ठिकाणी फसगत होते, आणि तिन्ही वेळा दोष मेम्ब्रेनवर येतो.

पहिलं, सकाळचं पहिलं पाणी. रात्रभर मशीन बंद असतं तेव्हा मेम्ब्रेनच्या अलीकडचे क्षार हळूहळू पलीकडे झिरपतात, म्हणून सुरुवातीचं पाणी जास्त टीडीएस दाखवतं. "फ्री चेकअप"वाला नेमकं तेच पाणी ग्लासात धरतो. मशीन दहा मिनिटं चालू द्या, मग मोजा.

दुसरं, टीडीएस कंट्रोलर. बऱ्याच मशीनमध्ये एक छोटा स्क्रू असतो. त्यातून आरओ न झालेलं थोडं पाणी चवीसाठी मुद्दाम मिसळलं जातं. तो जास्त उघडा असेल तर टीडीएस १५० दिसेल आणि मेम्ब्रेन मात्र ठणठणीत असेल. टेक्निशियनला सांगा, "कंट्रोलर पूर्ण बंद करून मोजून दाखवा." हे वाक्य ऐकल्यावर कितीतरी वेळा मेम्ब्रेनचा विषय आपोआप मागे पडतो.

तिसरं, टाकीतलं जुनं पाणी. नळीतून थेट पडणारं घ्या.

कंट्रोलर बंद, मशीन दहा मिनिटं चाललेलं, आणि तरीही दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मेम्ब्रेन ८० टक्क्यांहून कमी क्षार अडवत असेल, तर ती खरंच बदलायला आली आहे. तेव्हा पैसे वाचवू नका.

नळाचाच टीडीएस दीडशे-दोनशे असेल तर वेगळा प्रश्न विचारा, आपल्याला आरओ हवाय का? मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा या तलावांचं पाणी येतं, त्याचा टीडीएस मुळातच कमी असतो. पुण्यात खडकवासल्याचं थेट पाणी येणाऱ्या भागांतही तसंच. अशा ठिकाणी जंतूंसाठी यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं) किंवा यूएफ (बारीक गाळणीने जंतू अडवणारं) असं साधं मशीन पुरतं, त्यात मेम्ब्रेन नसते आणि देखभालही स्वस्त पडते. टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांचं गणित निराळं. तिथे उन्हाळ्यात आकडा चांगलाच चढतो, म्हणून मोजणी मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा करा.

मात्र टीडीएस कमी म्हणजे पाणी सुरक्षित असा अर्थ कधीही काढू नका. जंतू या मीटरला दिसत नाहीत. ५० टीडीएसच्या पाण्यानेही कावीळ होऊ शकते.

५. "बघा तुमचं पाणी": रंग बदलणारा ग्लास

ओट्यावर दोन ग्लास. एकात नळाचं पाणी, एकात त्यांच्या मशीनचं. त्यावर एक डबी ठेवतात, तिला खाली चार धातूचे दांडे, दोन लोखंडी आणि दोन ॲल्युमिनियमचे. प्लग लावला की अर्ध्या-एक मिनिटात नळाच्या पाण्यात पिवळट तंतू सुटायला लागतात. मग ते तपकिरी होतं, मग हिरवट-काळं, आणि वर फेस येतो. शेजारचा ग्लास स्वच्छच. "काकू, हेच तुम्ही नातवाला पाजताय." भल्याभल्या माणसांनी इथे चेकबुक काढलं आहे.

तो रंग पाण्यातून आलेला नसतो. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, आणि वीज वाहिली की लोखंडी दांडा झिजून पाण्यात उतरतो. दिसतो तो लोखंडाचा गंज. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, दांडा झिजत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. मानकात अगदी नीट बसणारं, निर्धोक पाणीही या डबीखाली काळंच होणार.

त्याला इतकंच म्हणा: "आता तुमच्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकून परत लावा." मीठ पडलं की तेही पाणी तसंच काळं होतं. ही डबी मेन्सच्या विजेवर चालते, म्हणून तिला स्वतः हात लावू नका, त्यालाच करू द्या. बहुतेक जण करत नाहीत, सामान आवरतात.

हा प्रयोग एएमसी रिन्यू करतानाही दाखवतात, "मेम्ब्रेन बदलली नाही तर असं होईल" म्हणून. ज्याने ही डबी बाहेर काढली त्याच्याशी त्या दिवशी कुठलाही व्यवहार करू नका, असं मी सगळ्यांना सांगते. इतकी भीती घालणारा माणूस किंमत खरी सांगेल यावर माझा विश्वास नाही.

६. ऑफर कागदावर घ्या

आता किमतीचं बोलायला हरकत नाही. तोंडी आकड्यावर बोलू नका. ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर, तुमच्या मॉडेलसाठी, या प्रश्नांची उत्तरं मागा:

रक्कम जीएसटीसकट की जीएसटी वेगळा? १८ टक्के नंतर वाढले की पाच हजारांचे पाच हजार नऊशे होतात.

वर्षात किती ठरलेल्या सर्व्हिस, आणि मध्येच बिघाड झाला तर येण्याचे पैसे लागतात का?

सेडिमेंट (गाळ अडवणारा फिल्टर), कार्बन (वास काढणारा फिल्टर), मेम्ब्रेन, यूव्ही दिवा, पंप, अडॅप्टर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह (पाणी चालू-बंद करणारी विजेवरची झडप), टाकीचा नळ: यातलं प्रत्येक आत आहे की बाहेर? "सगळं कव्हर आहे" हे उत्तर मान्य करू नका. "कॉम्प्रिहेन्सिव्ह" (सगळे भाग धरून) म्हणून विकलेल्या करारातही प्लॅस्टिकचे आणि विजेचे भाग बाहेर ठेवलेले मी वाचले आहेत.

मेम्ब्रेन "गरज पडल्यास" असेल तर गरज कोण ठरवणार, आणि कोणत्या टीडीएसवर? आकडा लिहून मागा. इथेच सगळ्यात जास्त भांडणं होतात. विकताना ती लगेच खराब असते, आणि करार घेतल्यावर "अजून चालेल, मॅडम" होते.

मधेच घर बदललं किंवा करार रद्द केला तर किती पैसे परत?

"बाहेरचा फिल्टर टाकलात तर वॉरंटी जाईल" असं म्हणाले तर विचारा, कुठली वॉरंटी? मशीनची मुदत संपून दोन-तीन वर्षं झाली असतील तर जायला काही उरलेलंच नाही. करार चालू असताना मात्र बाहेरचा भाग टाकू नका, तिथे अट खरी असते.

ॲपवरून रिन्यू करत असाल तर उलटी मोजणी दाखवणारं घड्याळ, आधीच टिक केलेलं "तीन वर्षांचं पॅक", शेवटच्या पानावर वाढलेली रक्कम हे सगळं नीट बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा फसव्या रचनेचे १३ प्रकार सांगितले आहेत. खोटी घाई दाखवणं आणि न विचारता खरेदीत वस्तू घुसवणं हे दोन्ही त्यात आहेत. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

७. आपलं गणित आपण मांडा

सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतात, मेम्ब्रेन दोन-तीन वर्षं. पाणी जितकं क्षारांचं तितकं आयुष्य कमी. आमच्या भागातल्या स्वतंत्र टेक्निशियनकडून मी घेतलेले भाव असे: फिल्टरचा संच १,४०० रुपये, एका फेरीची मजुरी ४००, मेम्ब्रेन २,४००. वर्षातून एक संच, दोन फेऱ्या आणि मेम्ब्रेनचा वर्षाचा वाटा धरला तर खर्च तीन ते साडेतीन हजार येतो. कंपनीने मागितले होते ५,९००. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील, पण दोन ठिकाणी फोन करून हा हिशेब कागदावर मांडा. तो मांडल्याशिवाय घासाघीस करायला आपल्याकडे काहीच नसतं.

करार नेहमी तोट्याचाच असतो असं मात्र नाही. पाण्याचा टीडीएस हजाराच्या पुढचा असेल, मशीन पाच-सहा वर्षांचं असेल आणि पंप-अडॅप्टर खरंच आत असतील तर करार परवडतो. सासूबाईंसाठी मी तो दरवर्षी घेते. त्या एकट्या असतात, एका नंबरावर फोन केला की माणूस येतो, आणि त्या सोयीसाठी चार पैसे जास्त गेले तरी चालतील. काही मॉडेलांत खास आकाराची कार्ट्रिज असतात, ती बाहेर मिळतच नाहीत. तिथेही पर्याय कमीच.

तीन वर्षांचं पॅक मी घेत नाही. पहिल्या वर्षी सर्व्हिस वाईट निघाली तरी पैसे अडकलेले असतात, आणि तीन वर्षांत माणूस घर बदलतो, मशीन बदलतो.

आता प्रत्यक्ष बोलणं. कंपनीच्या छापील नंबरावर फोन करून मी म्हणते, "मला करार रिन्यू करायचा नाही, तशी नोंद करा." बहुतेक वेळा आपल्याला दुसऱ्या माणसाकडे देतात, आणि सूट द्यायचे अधिकार त्याच्याकडे असतात. तो कारण विचारतो. मी माझा हिशेब वाचून दाखवते. "बाहेर मला हे इतक्यात पडतंय. तुम्ही साडेतीन हजारात, जीएसटीसकट, मेम्ब्रेन आणि अडॅप्टर आत धरून लेखी दिलंत तर आज पैसे भरते." मग गप्प बसायचं. ही शांतता अवघड जाते, आपल्याला काहीतरी बोलून ती भरून काढावीशी वाटते. भरू नका. तो "सरांना विचारतो" म्हणेल, म्हणू द्या.

"एवढ्या कमीत फक्त सर्व्हिस प्लॅन बसतो" (म्हणजे भाग न धरता नुसती सर्व्हिस) असं उत्तर आलं तर किमतीवरून हटून भागांवर या: किंमत तुमची, पण मेम्ब्रेन करार सुरू होतानाच बदला. यालाही नाही म्हणाले तर फोन ठेवा. करार संपल्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा फोन येतो, आणि तेव्हाचा आकडा खाली आलेला असतो.

८. पैसे देताना आणि सर्व्हिस करून घेताना

पैसे कंपनीच्या खात्यावर. आलेल्या माणसाच्या स्वतःच्या यूपीआयवर नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. करार क्रमांक असलेली जीएसटी पावती आल्याशिवाय व्यवहार पूर्ण झाला असं समजू नका.

ओटीपीचं विशेष सांभाळा. "काम झाल्याचा ओटीपी द्या, काका" असं म्हणतात आणि आजोबा आकडे वाचून दाखवतात. मेसेजमध्ये कधी "तक्रार पूर्ण" असतं, कधी "करार नूतनीकरणास संमती". पूर्ण मेसेज वाचल्याशिवाय ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचं पान उघडून बघा, तिथे न विचारता काही सुरू झालं असेल तर बंद करा.

नवा फिल्टर बसला की त्याच्या बाजूला कायम टिकणाऱ्या मार्करने तारीख आणि आपली सही करा. पुढच्या वेळी "बदलला" म्हणून सांगितलं आणि आत तीच सही दिसली तर वेगळं काही बोलावं लागत नाही. काढलेला भाग परत नेऊ देऊ नका, निदान त्या दिवशी तरी. मशीनच्या बाजूला एक कागद चिकटवा: तारीख, नळाचा टीडीएस, आरओचा टीडीएस, काय बदललं, कोण आलं होतं. सासूबाईंच्या घरी त्या कागदाखाली मी मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, "नवीन करार सुनेला विचारून." आलेल्या माणसाला त्या बोट दाखवतात आणि विषय संपतो.

९. करार गळ्यात मारून झाला असेल तर

त्याच दिवशी कंपनीच्या अधिकृत ईमेलवर लिहा: काय सांगून विकलं, प्रत्यक्ष कागदावर काय आहे, आणि करार रद्द करून पैसे परत हवेत. फोनवर भांडून उपयोग नाही, लेखी हवं. पहिली सर्व्हिस होण्याआधी लिहिलं तर पैसे परत मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते, म्हणून "करून तरी घेऊया एकदा" असा विचार करू नका. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं. एएमसीची बरीच प्रकरणं इथेच सुटतात, कारण तक्रार थेट कंपनीच्या तक्रार निवारण विभागात जाते.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

मशीनला किंवा नळाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, अडॅप्टर तापत असेल, जळका वास येत असेल, किंवा पाणी स्विचबोर्डाकडे ठिबकत असेल तर वरचं काहीही करत बसू नका. हात न लावता मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. करार आहे की नाही हे नंतर बघू.

यूव्हीची नळी स्वतः उघडू नका. पेटलेल्या दिव्याकडे बघितलं तर डोळ्यांना इजा होते, आणि आत पारा असतो, म्हणून फुटली तर वेगळाच त्रास. मेम्ब्रेन आणि पंपही टेक्निशियनकडूनच बसवून घ्या. प्री-फिल्टरची कँडल ही घरच्या माणसाची हद्द.

पाण्याला वास येत असेल, घरात जुलाब किंवा कावीळ झाली असेल, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेटची शंका असेल तर विक्री करणाऱ्याचं मत विचारू नका. पाणी उकळून प्या आणि नमुना प्रयोगशाळेत द्या. जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत किंवा महापालिकेच्या पाणी विभागात चौकशी करा. नमुना कसा घ्यायचा, बाटली कुठली, हे तिथूनच विचारून घ्या, घरची बाटली चालत नाही. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड आणि नायट्रेट जात नाहीत, म्हणून रिपोर्ट येईपर्यंत बोअरऐवजी दुसरं पाणी वापरा.

खात्यातून परवानगीशिवाय पैसे गेले किंवा फोन करणारा तोतया निघाला तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, फोन करा आणि बँकेला कळवा. इथे तासांचा हिशेब असतो, कंपनीशी वाद घालण्यात वेळ घालवू नका.

रक्कम मोठी असेल, कंपनी दाद देत नसेल, किंवा ज्येष्ठ माणसाची सही फसवून घेतली असेल तर ग्राहक पंचायतीकडे किंवा वकिलाकडे कागद घेऊन जा. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षं. सोबत पावती, कराराची प्रत, टीडीएसच्या नोंदींचा कागद, स्क्रीनशॉट आणि १९१५ चा तक्रार क्रमांक न्या.